व्हॉट्सॲप बिझनेस: घरच्या धंद्याला शटर बसवता येतं का?

घरातून फराळ, डबे किंवा केक विकणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, साड्यांचा छोटा व्यवसाय करणाऱ्या माणसासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हेच आता दुकान झालं आहे. पाटी तीच, ऑर्डरची वही तीच आणि तक्रारीची खिडकीही तीच. ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं, फुकट आहे, आणि त्यामुळे धंदा कसा वाढतो यावर लोक भरभरून बोलतात. त्या बाजूला इथे फारसं जायचं नाही. प्रश्न एवढाच आहे, की हे ॲप चालवणाऱ्याची संध्याकाळ वाचते का? रात्री जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो का? येतो. पण ॲप नुसतं टाकून नाही. टाकल्याबरोबर ते ज्या अवस्थेत असतं, त्यात दुकान चोवीस तास उघडं असतं.

रस्त्यावरच्या दुकानाला शटर असतं. पुण्यातली दुपारी १ ते ४ ची विश्रांती हा चेष्टेचा विषय झाला खरा, पण त्या पाटीमुळे मालकाला जेवण आणि डुलकी दोन्ही मिळायची. चितळे बंधूंनीही २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, त्याच्या कक्षेतल्या दुकानांत कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यावी लागते. मालकाच्या सुट्टीची काळजी कुठलाच कायदा करत नाही, आणि घरी एकटीने पन्नास डबे भरणारी बाई तर मालक, आचारी आणि पोऱ्या अशी तिन्ही आहे. तिने आपलं शटर आपणच बसवायचं. ते बसवायची हत्यारं या ॲपमध्ये आहेत का, त्याचं हे परीक्षण.

सगळ्यात आधी नंबर. एकच मोबाइल नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. म्हणून बहुतेक जण असलेलाच नंबर बिझनेसवर हलवतात आणि पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ तिथेच रोवतात. मुलाच्या वर्गाचा ग्रुप, सासरचा ग्रुप, गॅसवाला आणि ‘दोन किलो चकली मिळेल का?’ हे सगळं एकाच यादीत येतं. ग्रुपवरची शाळेची सूचना बघायला फोन उघडला, की खाली चार ऑर्डरी दिसतात आणि दिसल्या की उत्तर दिलं जातं. स्वतःला कितीही बजावलं तरी दिलं जातंच. दुसरा धोका याहून मोठा आहे. जाहिरात अनोळखी लोकांना घाऊक पाठवल्यामुळे तक्रारी झाल्या आणि नंबर बंद पडला, तर धंद्याबरोबर घरचं व्हॉट्सॲपही जातं. दुसरं सिम घ्या. महिन्याचा रिचार्ज वाया जातोय असं वाटलं, तरी या सगळ्या व्यवस्थेतला तो सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे. घरी लँडलाइन असेल तर तो नंबरही चालतो, फक्त पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय घ्यायचा. साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस ही दोन वेगळी ॲपं असल्याने दोन नंबर एकाच फोनवर सुखाने नांदतात.

आता शटर. प्रोफाइलमध्ये कामाच्या वेळा भरायची जागा आहे. तिथे तीन पर्याय असतात: ठरावीक तास उघडं, कायम उघडं, आणि फक्त आधी वेळ ठरवून येणाऱ्यांसाठी. पहिला निवडा आणि प्रत्येक वाराचे तास वेगळे भरा. भाजी आणायचा, बँकेत जायचा दिवस पूर्ण बंद ठेवला तरी चालतं. हे केल्याशिवाय पुढची पायरी नीट जमत नाही, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. मग बिझनेस टूल्समध्ये जाऊन ‘अवे मेसेज’, म्हणजे तुम्ही नसताना आपोआप जाणारं उत्तर, उघडायचा. तो चालू करून मजकूर लिहायचा आणि वेळापत्रकात ‘आउटसाइड बिझनेस अवर्स’, म्हणजे कामाच्या वेळेबाहेर, हे निवडायचं. प्रोफाइलमध्ये तास भरलेले नसतील तर हा पर्याय वापरताच येत नाही. मग माणूस वैतागून ‘ऑल्वेज सेंड’ दाबतो, भर दुपारीही ‘आम्ही सध्या बंद आहोत’ असं उत्तर जातं, गिऱ्हाईक गोंधळतं आणि दोन दिवसांत सगळंच बंद केलं जातं.

त्याखाली हे उत्तर कोणाला जावं ते विचारलेलं असतं. इथे घसरायला भरपूर जागा आहे. ‘फोनमध्ये सेव्ह नसलेल्यांना’ हा पर्याय सभ्य वाटतो. पण घरच्या धंद्यात नेहमीची गिऱ्हाइकं सेव्ह केलेलीच असतात, आणि रात्री साडेदहाला निरोप टाकणारी मंडळी बहुतांशी तीच असतात. त्यांना काहीच उत्तर जात नाही आणि वाटतं, की ॲप बिघडलंय. ‘अमुक सोडून सगळ्यांना’ हा पर्याय घ्या आणि वगळायच्या यादीत जवळचे आठ-दहा नातेवाईक टाका. धाकट्या काकूंना ‘आपण संपर्क केल्याबद्दल धन्यवाद’ असं यांत्रिक उत्तर गेलं, तर पुढच्या हळदीकुंकवाला त्याचा हिशोब होतो. मात्र काकू स्वतः ऑर्डर देणाऱ्या असतील तर त्यांना वगळू नका. नात्यातलं गिऱ्हाईकच सगळ्यात जास्त अवेळी येतं, आणि ‘आपल्यातलीच आहे’ म्हणून भावातही सूट मागतं.

हे उत्तर पाठवायला फोन इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. रात्री डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून झोपलात तर गिऱ्हाइकाला तेव्हा काहीच जात नाही. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली ॲपं झोपवतात, त्यामुळेही उत्तर उशिरा जाऊ शकतं. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या. मग ज्याचा नंबर वगळलेल्या यादीत नाही अशा कोणाला तरी, रात्री आठनंतर एक निरोप टाकायला सांगून खात्री करा. ग्रुपमधल्या निरोपांना हे उत्तर जात नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ऑर्डर घेत असाल तर तिथे शटर नाहीच. ग्रुपवर फक्त कॅटलॉगची, म्हणजे ॲपमधल्या फोटो-भावासहित वस्तूंच्या यादीची, लिंक टाकायची आणि ‘ऑर्डर या नंबरवर’ एवढंच म्हणायचं.

मजकुरावर ॲप काही मदत करत नाही. तयार मसुदा कोरडा आहे आणि तो बदलणं भाग आहे. ‘लवकरच उत्तर देऊ’ हे सगळ्यात वाईट वाक्य, कारण ‘लवकर’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या मते दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला प्रश्नचिन्ह येतं आणि विसाव्याला फोन. नेमकी वेळ लिहा, आणि उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाने काय करायचं तेही लिहा. डबेवाल्यांसाठी असं काहीसं चालेल: ‘नमस्कार. स्वयंपाकघर आता बंद झालं आहे. निरोप उद्या सकाळी ९ ते १० मध्ये वाचले जातील. उद्याचा डबा रद्द करायचा असेल तर इथे फक्त “उद्या नको” आणि नाव लिहा, वेगळ्या उत्तराची वाट पाहू नका. दर आणि पदार्थ खालच्या कॅटलॉगमध्ये आहेत.’ यात ‘वाट पाहू नका’ हे शब्द महत्त्वाचे. रात्रीचे निम्मे निरोप ‘मिळालं का?’ एवढंच विचारायला येत असतात.

संध्याकाळ सर्वांत जास्त कशामुळे वाचत असेल तर ती कॅटलॉगमुळे. हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, कारण कॅटलॉग हे विक्रीचं साधन समजलं जातं. पण निरोपांची गर्दी होते ती माहिती कुठे लिहिलेली नसते म्हणून. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तूंची सोय आहे आणि प्रत्येकीला दहापर्यंत फोटो लावता येतात. घरच्या धंद्याला पंधरा-वीस नोंदी पुरतात, मात्र त्या पूर्ण हव्यात. भाव लिहिणं ऐच्छिक आहे, आणि ‘भावासाठी विचारा’ ही सवय मोडायलाच हवी. विचारलं की उत्तर द्यावं लागतं, तेही रात्री. भावाबरोबर माप लिहा: अर्धा किलो की एक, आणि एक किलोत साधारण किती नग बसतात. तेल कुठलं, तूप की डालडा, लसूण आहे की नाही, किती दिवस टिकतं. ब्लाउज असेल तर अस्तर धरून की वेगळं, गोंडे-लटकनाचे पैसे किती, मापाचा ब्लाउज द्यायचा की माप घ्यायला यायचं. या ओळी न लिहिल्याने रोज तेच सहा प्रश्न येतात.

त्याहून महत्त्वाची ओळ म्हणजे ऑर्डर किती दिवस आधी द्यायची. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, मग ते वाळवून दळायचे, गुळात मळून पीठ मुरायला ठेवायचं. हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, आणि धनत्रयोदशीला ‘उद्या अर्धा किलो मिळतील का?’ असा निरोप येतो. तिथे ‘नाही’ म्हणायलाही वीस मिनिटं जातात, कारण आर्जव सुरू होतं. वर्णनात ‘किमान १० दिवस आधी’ असं आधीच लिहिलेलं असेल तर नकार तुम्ही देत नसता, पाटी देत असते. पुरणपोळीला एक दिवस, केकला दोन, पैठणीच्या ब्लाउजला पंधरा, जे काय असेल ते प्रत्येक वस्तूला स्वतंत्र लिहा. वरती एकदाच लिहिलेलं कोणी वाचत नाही.

आणि वस्तू लपवायची सोय वापरा. गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक दोन हातांनी किती वळून होतील याला मर्यादा आहे. तो आकडा आधी ठरवा, भरला की नोंद लपवा. कॅटलॉगमध्ये मोदक दिसत नसले तर मोदकांचे निरोप कमी होतात, इतकं साधं आहे. लपवण्याऐवजी ‘बघते, जमवते’ म्हटलं, की पहाटे अडीचला उठून नारळ खोवावे लागतात. कॅटलॉगमधून गिऱ्हाईक वस्तू निवडून एकत्र यादी पाठवू शकतं. त्यामुळे ‘दोन चकली, एक शेव, नाही नाही, शेव दोन’ हा खेळ टळतो. पण त्याने माल राखला जात नाही. तुम्ही ‘पक्की’ म्हणेपर्यंत ती नुसती विनंती आहे, हे उत्तरात स्पष्ट लिहा.

बाकीच्या सोयी पटकन सांगता येतील. तयार उत्तरं ५० साठवता येतात आणि तिरकी रेघ टाकून बोलावता येतात. पत्ता, यूपीआयचा तपशील, पार्सलचे दर आणि नम्र नकार एवढी चार आधी करा. नम्र नकाराचं तयार उत्तर सर्वांत उपयोगी, कारण दमलेल्या माणसाला ‘नाही’ लिहायला सुचत नाही आणि तो ‘हो’ लिहून मोकळा होतो. संभाषणांना लावायची लेबलं २० पर्यंत मिळतात, त्यातली चारच ठेवा: नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, दिलं. जास्त ठेवली की लेबल लावणं हेच काम होऊन बसतं. स्वागताचा निरोप नव्या माणसाला, किंवा १४ दिवस काहीच बोलणं नसेल तर जुन्याला, आपोआप जातो. त्यात कॅटलॉग आणि ऑर्डरची मुदत टाकली की पुरे.

स्टेटसबद्दल मात्र थोडं थांबून. बहुतेक जणी रात्रीचं सगळं आवरून, साडेनऊच्या सुमारास ताज्या मालाचा फोटो स्टेटसला टाकतात. त्याच वेळी गिऱ्हाईकही मोकळं असतं, म्हणून लगेच विचारणा येते आणि पुढचा तास गेला. स्टेटस २४ तास राहतं. तोच फोटो सकाळी दहाला टाका. विचारणा कामाच्या वेळेत येतील, आणि ज्यांना रात्री दिसेल त्यांना शटर दिसेल. ब्रॉडकास्टचंही, म्हणजे एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायच्या सोयीचंही, तसंच. एका यादीत २५६ पर्यंत लोक, आणि निरोप पोचतो तो तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच. पाठवायची वेळ तुमच्या हातात आहे, ती स्वतःच्या सोयीची निवडा.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. अवे मेसेज फक्त निरोपांना उत्तर देतो, कॉलला नाही. कॉल थांबवायला फोनचा ‘डू नॉट डिस्टर्ब’ लागतो. तो रात्री ८ ते सकाळी ८ असा रोजचा लावा आणि घरच्यांना, मुलांच्या शाळेला परवानगीच्या यादीत ठेवा. एक बारीक गोष्ट आवर्जून तपासा: वारंवार कॉल करणाऱ्याला आत सोडायचा पर्याय बऱ्याच फोनवर चालूच असतो. अँड्रॉइडवर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो, आयफोनवर तीन मिनिटांत. हा पर्याय अडचणीच्या प्रसंगासाठी केला आहे, पण अधीर गिऱ्हाईक नेमकं हेच करतं. परवानगीच्या यादीत घरची माणसं असतील तर तो बंद करायला हरकत नाही. व्हॉट्सॲपवरून येणारे अनोळखी कॉल गप्प करायची सोय प्रायव्हसीमध्ये आहे. त्यात कॉलची नोंद राहते, फक्त घंटा वाजत नाही.

निळ्या खुणा बंद करायच्या का? केल्या तर ‘वाचलंत, मग उत्तर का नाही?’ हा प्रश्न संपतो. पण मग पैशांची आठवण समोरच्याने वाचली की नाही हे तुम्हालाही दिसत नाही. उधारी जास्त असलेल्यांनी खुणा चालू ठेवाव्यात आणि ‘लास्ट सीन’ व ‘ऑनलाइन’ लपवावं. आगाऊ पैसे घेणाऱ्यांनी निळ्या खुणांसकट सगळंच लपवावं. आगाऊ पैसे घेणं शक्य असेल तर घ्याच, कारण वसुलीचे निरोप हे सगळ्यात थकवणारे असतात आणि ते तुम्ही रात्रीच पाठवता.

परदेशातली गिऱ्हाइकं हा वेगळा विषय. अमेरिकेत किंवा आखाती देशांत पाठवायच्या फराळाची बोलणी दिवाळीच्या बरीच आधी सुरू होतात. न्यू जर्सीतल्या ताईंची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. त्यांच्यासाठी जागं राहण्याचा मोह होतो, कारण ऑर्डर मोठी असते. अवे मेसेजमध्ये ‘भारतीय वेळेप्रमाणे’ हे शब्द टाका. आपली संध्याकाळची साडेसहा ते साडेसात ही वेळ तिकडची सकाळ असते. परदेशच्या विचारणा त्याच तासात उरकता येतात.

एक ॲप चार इतर उपकरणांना जोडता येतं. मदतनीस असेल तर उत्तम, पण अनेक घरांत यातून काम कमी न होता पसरतं: नवरा ऑफिसातून ऑर्डरी बघतो, मुलगी अभ्यास सोडून भाव सांगते, आणि दोघांनी एकाच गिऱ्हाइकाला दोन वेगळे भाव सांगितलेले असतात. जोडायचंच असेल तर कोणाचे तास कुठले ते ठरवा. जोडलेल्याला सगळी संभाषणं दिसतात हेही लक्षात घ्या. वेगळ्या नंबरचं आणखी एक कारण.

पैशाच्या भाषेत बोलायचं तर, समजा दिवसाला २५ विचारणा येतात आणि प्रत्येकीला चार मिनिटं जातात. हे झाले १०० मिनिटं. आपल्या तासाची किंमत १५० रुपये धरली तर रोजचे २५० आणि २६ दिवसांचे ६,५०० रुपये. चकलीच्या भावात भाजणी, तेल, गॅस आणि पिशवी धरलेली असते, हे साडेसहा हजार कुणी धरत नाही. ते झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्यातून जातात. ॲपच्या आकडेवारीत किती निरोप आले आणि गेले हे दिसतं. नीट भरलेला कॅटलॉग आणि अवे मेसेज लावायच्या आधी तो आकडा लिहून ठेवा, महिन्याने परत बघा. फरक पडला नसेल तर दोष बहुधा वर्णनात आहे: लोक अजूनही कुठला प्रश्न विचारतायत ते शोधून तो तिथे लिहा.

हे ॲप कोणाला पुरणार नाही? रुग्णांची सेवा, गाडी रस्त्यात बंद पडल्यावरची मदत, पाण्याचा टँकर, अशा कामांत रात्रीचा निरोप खरोखर तातडीचा असतो. तिथे आपोआप जाणारं उत्तर कामाचं नाही, पाळीने फोन उचलणारा दुसरा माणूसच लागतो. रोज शंभरावर ऑर्डरी असतील तरीही लेबलांवर हिशोब चालत नाही. वही किंवा साधी गूगल शीट बरी. बाकी घरगुती धंद्यांसाठी पाचपैकी चार गुण. एक कापला तो कॉलसाठी आणि सुट्टीच्या वेळापत्रकासाठी.

ते सुट्टीचं असं. गावी किंवा लग्नाला जाताना अवे मेसेजमध्ये ‘कस्टम शेड्यूल’ निवडून जायची आणि यायची तारीख-वेळ टाकता येते. पण हा पर्याय रोजच्या पर्यायाच्या जागी बसतो. परतायची तारीख उलटली की उत्तर जाणं थांबतं आणि रोजचं रात्रीचं शटर आपणहून परत लागत नाही. आल्या दिवशी पुन्हा ‘आउटसाइड बिझनेस अवर्स’ निवडायचं आणि ‘१२ तारखेपर्यंत बाहेरगावी’ हा मजकूर बदलायचा. परतीच्या तारखेला कॅलेंडरमध्ये तशी आठवण लावूनच निघा. आणि ॲपमध्ये टाकायची परतीची तारीख प्रत्यक्षापेक्षा एक दिवस पुढची ठेवा. धुणं-भांडी आणि किराणा त्या दिवशी होतो.